हेंग न्गोर: तो अभिनय होता का?

रानजाई

गेल्या महिन्यात आम्ही आठ जणी व्हिएतनाम-कंबोडिया करून आलो. नॉमपेन्हला एकच दिवस होता आणि तुओल स्लेंगच्या दारात आमच्या टूरवाल्या मुलाने सांगितलं की ज्यांना बघवेल त्यांनीच उतरा, बाकीच्यांनी बसमध्ये थांबलं तरी चालेल. मी उतरले. मला फक्त एवढं माहीत होतं की हा ख्मेर रूजचा, म्हणजे १९७५ ते ७९ कंबोडियावर राज्य करणाऱ्या पोल पॉटच्या कम्युनिस्टांचा, तुरुंग, एस-२१. ही मुळात शाळा होती हे माहीत नव्हतं. मी बावीस वर्षं शाळेत शिकवतेय, त्यामुळे वर्गात शिरल्या शिरल्या फळा दिसला आणि तिथेच माझे पाय थांबले. खाली फरशी, भिंतीवर फळा, आणि मध्ये विटा रचून केलेल्या कोठड्या, माणूस धड आडवाही होणार नाही एवढ्या. पुढच्या दालनात भिंतभर फोटो. आत आणलं की प्रत्येकाचा फोटो काढायचे. चौदा हजारांच्या वर माणसं तिथून गेली आणि जिवंत राहिलेली बोटांवर मोजण्याएवढी.

घरी आल्यावर 'द किलिंग फील्ड्स' हा त्याच काळावरचा सिनेमा परत बघितला. कॉलेजात असताना बघितला होता, तेव्हा हेलिकॉप्टरं तेवढी लक्षात राहिली होती. या वेळेला पूर्णवेळ डिथ प्रानचं, म्हणजे अमेरिकन पत्रकाराच्या कंबोडियन दुभाषाचं, काम करणाऱ्या माणसाकडेच बघत बसले. हेंग न्गोर. हा नट नव्हताच. नॉमपेन्हमधला स्त्रीरोगतज्ज्ञ. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज शहरात आले तेव्हा हा ऑपरेशन करत होता. बंदूकवाली पोरं आत घुसली, डॉक्टर तूच का म्हणून विचारलं, तर म्हणाला डॉक्टर आत्ताच गेले. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं डॉक्टर असल्याचं लपवून जगला, मी टॅक्सी चालवायचो म्हणून सांगत. चष्मासुद्धा लपवला, कारण चष्मा म्हणजे शिकलेला माणूस. तीनदा पकडून छळ केला, बोट तोडलं. बायको त्याच्या डोळ्यांसमोर गेली. आणि १९८० ला अमेरिकेत पोचल्यावर दोन-तीन वर्षांत कुणीतरी त्याला म्हणालं की सिनेमात काम कर, आणि काम काय, तर तेच सगळं पुन्हा करायचं.

माझे दोन प्रश्न आहेत. एक, याला अभिनय म्हणायचं का? दोन, तो हो का म्हणाला असेल? दुसऱ्या प्रश्नाने मला झोप लागत नाहीये खरं सांगायचं तर.

गोदाकाठ

चांगला धागा. पहिल्याचं माझं उत्तर, नाही. तो अभिनय नाही, ती आठवण आहे. कॅमेऱ्यापुढे आठवणं आणि अभिनय करणं यात फरक आहे. मार्च १९८५ ला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं ते त्याच्या आयुष्याला मिळालं असं मला वाटतं. त्यात वाईट काही नाही, पण नट म्हणून बघायचं तर त्याच रांगेत जॉन माल्कोविच होता, राल्फ रिचर्डसन होता, पॅट मोरिटा होता.

चष्मिष्ट

गोदाकाठ, अजिबात पटलं नाही. मी पंधरा वर्षं हौशी नाटक करतोय. जे स्वतःवर गुदरलंय ते रंगमंचावर करणं सगळ्यात अवघड असतं. आमच्या एका नाटकात बाप गेल्याचा प्रसंग होता आणि तो करणाऱ्या मुलाचे वडील दोनच महिन्यांपूर्वी गेले होते. तालमीत तो गोठून जायचा. शब्दच फुटायचे नाहीत. रडू आलं असतं तरी चाललं असतं, पण काहीच यायचं नाही. शेवटी दिग्दर्शकाने प्रवेश बदलला.

इथे तर हा माणूस थायलंडच्या भातखाचरांत, तसल्याच काळ्या कपड्यातल्या बंदूकवाल्या पोरांसमोर उभा आहे, आणि कट म्हटल्यावर परत पहिल्यापासून, पुन्हा तेच. शिवाय तो स्वतःची भूमिका करतच नाहीये. तो डिथ प्रान करतोय, न्यूयॉर्क टाइम्सच्या सिडनी शॅनबर्गचा दुभाषा, वेगळ्या स्वभावाचा, तेव्हा जिवंत असलेला माणूस. आपलं आयुष्य बाजूला ठेवून दुसऱ्याचं करायचं आणि तरी ते आपल्यासारखंच. याला अभिनय नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आणि 'सहाय्यक' हे अमेरिकेत. ब्रिटिशांच्या बाफ्ताने त्याला प्रमुख भूमिकेचा सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवलं, वर उत्तम नवोदिताचंही दिलं. सिनेमाचा उत्तरार्ध एकटा तोच ओढतो.

पिंपळपान

त्या वर्षीच्या नामांकनातला पॅट मोरिटा म्हणजे कराटे किडमधले मियागी गुरुजी. तेसुद्धा लहानपणी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या जपानी लोकांच्या छावणीत कोंडलेले होते. एकाच वर्षी, एकाच यादीत दोघे. हे आत्ता लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

न्गोरनंतर आशियाई वंशाच्या माणसाला ते बक्षीस परत मिळायला २०२३ उजाडलं, के हुई क्वान. तोही व्हिएतनाममधून लहानपणी निर्वासित म्हणून आलेला.

अण्णा_साताऱ्याचे

नावाचा उच्चार कसा करायचा तेवढं कुणीतरी सांगा रे. न्गोर म्हणताना जीभ अडकते.

निषाद७८

अण्णा, आपल्याकडे त्याला चक्क अक्षर आहे. ङ. ख्मेर लिपीसुद्धा ब्राह्मीचीच लेक, क ख ग घ ङ याच क्रमाने शिकवतात आणि त्याचं नाव त्या ङ ने सुरू होतं. ङोर. आपण शाळेत ङ नुसता घोकला, अंकलिपीत त्याच्यापुढे चित्रसुद्धा नसायचं.

अण्णा_साताऱ्याचे

म्हणजे पहिलीत ज्याचं चित्र सापडलं नाही ते साठीला सापडलं! नातवाला सांगतो, ङ ङोरचा.

निषाद७८

अण्णा :) अजून एक. लोक ज्याच्या नावाने थरथरायचे ती 'अंग्कार', म्हणजे संघटना. नेत्यांची नावं लोकांना माहीतच नव्हती, सगळे हुकूम अंग्कारचे. ख्मेरमध्ये अक्षरं बघितली तर सरळ अङ्गकार. अंग्कोर म्हणजे नगर, कंपुचिया म्हणजे कंबुज. इतके आपल्या ओळखीचे शब्द आणि त्यांनी त्या शब्दांचं हे करून ठेवलं.

वाळवंट

मला सिनेमाबद्दलच तक्रार आहे. कंबोडियाची गोष्ट, पण मध्यभागी अमेरिकन पत्रकार आणि त्याची खंत. ख्मेर रूज आकाशातून पडले का? १९६९ पासून अमेरिका तिथे चोरून बाँब टाकत होती, १९७३ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्याच संसदेने थांबवलं तेव्हा थांबलं. खेडीच्या खेडी उठली, त्यातून ही चिडलेली पोरं पोल पॉटला मिळाली.

चष्मिष्ट

वाळवंट, सिनेमाच्या सुरुवातीलाच नेअक लुओंग आहे की. ऑगस्ट १९७३, चुकून आपल्याच बाजूच्या गावावर अमेरिकेच्या बी-५२ विमानाने बाँब टाकले, शंभराच्या वर माणसं गेली. त्यांनी लपवलं नाहीये. पण मध्यभागी पत्रकार आहे हे मान्य.

वाळवंट

मान्य केलंत त्याबद्दल आभार. आणि आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो, १९७९ च्या जानेवारीत व्हिएतनामने ख्मेर रूजला हाकललं, तरी संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाच्या खुर्चीवर नंतरची कित्येक वर्षं ख्मेर रूजचेच लोक बसत होते. अमेरिका, चीन, सगळ्यांना चालत होतं. भारताने जुलै १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली, असं करणारे देश तेव्हा थोडेच. अंग्कोर वाटच्या दुरुस्तीला १९८६ पासून आपलं पुरातत्त्व खातं गेलं ते त्यानंतरच.

भटकी_मीरा

धाग्यात कुणी नरसंहार म्हणेल कुणी वंशसंहार म्हणेल. कुठला बरोबर? ख्मेरांनी ख्मेरांनाच मारलं ना?

निषाद७८

मीरा, यावर कोर्टात बराच काथ्याकूट झाला. २०१८ मध्ये नुऑन चिया आणि खिउ सांफान या ख्मेर रूजच्या पुढाऱ्यांना वंशसंहाराबद्दल दोषी धरलं ते व्हिएतनामी वंशाच्या लोकांच्या बाबतीत, आणि नुऑन चियाला चाम मुसलमानांच्या बाबतीतही. बाकी ख्मेरांच्या हत्या कायद्याच्या भाषेत मानवतेविरुद्धचे गुन्हे. पण आठेक दशलक्ष लोकांच्या देशात चार वर्षांच्या आत पंधरा-वीस लाख माणसं भुकेने, आजाराने, मारहाणीने गेली तर त्याला बोलताना काय म्हणायचं हे ज्याच्या घरातली गेली त्याने ठरवावं.

सूतिका

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. रानजाईंनी बायको डोळ्यांसमोर गेली असं एका ओळीत लिहिलंय, त्या ओळीवर मला थोडं लिहायचंय.

त्याची बायको हुओय शिक्षिका होती. गरोदर होती, आणि अडली. सिझेरियन लागणार होतं. नवरा त्याच विषयाचा डॉक्टर, शेकडो वेळा केलेलं ऑपरेशन. पण डॉक्टर आहे हे कळलं तर तो, ती, बाळ, तिघंही संपणार. आणि समजा कुणी बघत नव्हतं असं धरलं तरी करणार कशाने? भूल नाही. रक्त नाही. टाक्यांना दोरा नाही, उकळलेलं हत्यार नाही, नंतर द्यायला अँटिबायोटिक नाही. तिच्या अंगात तीन वर्षं पातळ पेजेशिवाय काही गेलेलं नाही. अशा बाईचं पोट उघडायचं म्हणजे आपल्या हाताने मारणं आहे, आणि नाही उघडायचं म्हणजे बघत बसणं. ती आणि बाळ दोघंही गेली.

अडलेली बाई ज्याने बघितलीय त्याला माहीत आहे की ते तासांचं काम असतं. मिनिटांचं नाही. हात लावला की कळतं बाळ कुठे अडकलंय, पुढे काय होणार तेही कळतं. त्याला ते सगळं कळत होतं. बाकीच्यांना फक्त ती कळवळताना दिसत असेल. याला पुढची प्रत्येक पायरी माहीत होती.

मी बॉण्डवर असताना एका सरकारी दवाखान्यात, नाव नाही घेत, एक बाई रक्ताच्या पिशवीअभावी गेली. गाडी निघाली होती, वाटेत होती. मी बाजूलाच उभी होते, नाडी धरून. सव्वीस वर्षांची होते मी. ती माझी कुणीही नव्हती, तरी अजून तिच्या साडीचा रंग आठवतो. त्यामुळे हा माणूस नंतर कसा उभा राहिला हे मला खरंच समजत नाही.

अमेरिकेत गेल्यावर त्याने परत डॉक्टरकी केली नाही. तिकडे डिग्री चालत नाही वगैरे कारणं असतीलच. पण थायलंडच्या निर्वासित छावण्यांत मात्र केली होती. तेव्हा हात विसरले नव्हते.

रानजाई

सूतिका, लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू. मी ती ओळ मुद्दाम छोटी ठेवली होती, लिहवत नव्हतं.

पेज म्हणालात ना. आमच्याकडे कोकणात आजारी माणसाला पेज म्हणजे मायेची गोष्ट, मीठ घालून, वर तुपाचा थेंब. तिथल्या म्युझियममध्ये गाइडने सांगितलं की छावणीत वाटीभर पाण्यात दाणे मोजता यायचे. तिची आई मोजायची, म्हणाली. तेव्हापासून घरात पेज केली की माझी नजर दाण्यांवर जाते.

लाँगबीचकर

कॅलिफोर्नियातून लिहितोय. अमेरिकेतली कंबोडियन लोकांची सगळ्यात मोठी वस्ती आमच्या लाँग बीचला आहे, एका भागाला २००७ पासून अधिकृतपणे कंबोडिया टाउन म्हणतात. आणि इथली डोनटची दुकानं, ती गुलाबी खोकीवाली, त्यातली कितीतरी कंबोडियन निर्वासितांनी उभी केलेली. माझ्या ऑफिसच्या रस्त्यावरच्या दुकानात एक काका असतात, सत्तरी पार केलेले. सकाळी साडेपाचला गेलं तरी काउंटरमागे उभे. एकदा माझ्या मुलीच्या हातून अर्धा डोनट खाली पडला, तिने उचलून कचऱ्यात टाकला, तर ते काउंटरमागून बाहेर आले, काही बोलले नाहीत, तिला नवा दिला, आणि पडलेला कचऱ्यातून काढून बाजूला कागदावर ठेवला. फेकला नाही. नंतर पक्ष्यांना घातला असेल. मुलगी विचारत राहिली, आजोबांनी तो का ठेवला, आणि मला आठ वर्षांच्या मुलीला काय सांगायचं ते सुचेना.

त्यांच्याशी एकदा न्गोरचा विषय काढला. म्हणाले, आम्ही सगळे तो सिनेमा बघायला गेलो आणि माझी बायको मध्येच उठून बाहेर आली. मी पूर्ण बघितला. मुलांना मी कधी काहीच सांगितलं नव्हतं, मुलं मोठी झाल्यावर म्हटलं, हा बघा, मग बोलू.

रानजाईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. न्गोर लॉस एंजेलिसच्या चायनाटाउनमध्ये निर्वासितांना नोकऱ्या शोधून द्यायचं काम करायचा. सिनेमासाठी माणसं शोधणारी बाई त्याला एका कंबोडियन लग्नात भेटली. पहिल्यांदा त्याला रस नव्हता. मग हो म्हणाला, कारण त्याने बायकोला वचन दिलं होतं की इथे काय झालं ते जगाला सांगेन.

गोदाकाठ

वचनाचं माहीत नव्हतं. माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो असं नाही, पण थोडा हलवतो. काल रात्री परत बघितला. एका प्रसंगात तो भुकेने वेडा होऊन गुराच्या मानेला चिरा देऊन रक्त पितो. मी नीट बघितलं. चेहऱ्यावर काहीच नाही. भीती नाही, घृणा नाही, फक्त आसपास कुणी आहे का यावर कान. नवशिका असता तर इथे डोळे मोठे केले असते. आठवण म्हणालो होतो मी. आठवण एवढी मोजून मापून येत नाही. चष्मिष्ट, तुमचं बरोबर आहे.

चष्मिष्ट

गोदाकाठ, मनापासून आभार. आणि चार वर्षं चोवीस तास टॅक्सीवाल्याचं काम केलंय हो त्याने. एक शब्द चुकला, एखाद्या आजाऱ्याकडे डॉक्टरच्या नजरेने बघितलं तरी जीव गेला असता. आम्ही दोन तास भूमिकेत राहिलो तर घरी येऊन झोपतो. गंमत म्हणजे, गंमत कसली, डिथ प्रानही तिथे टॅक्सीवाला म्हणूनच लपला होता.

भटकी_मीरा

त्याचा शेवट कसा झाला ते कुणीच लिहिलं नाही अजून.

लाँगबीचकर

मीरा, टाळत होतो. २५ फेब्रुवारी १९९६. चायनाटाउनमधल्या घराबाहेर गाडी लावताना गोळ्या घातल्या. ५५ वर्षांचा होता. रस्त्यावरच्या टोळीतली तीन पोरं, १९९८ ला तिघांनाही दोषी ठरवलं. योगायोग बघा, पोल पॉट मेल्याची बातमी जगभर पोचली त्याच दिवशी हा निकाल आला. काही लोकांना अजून वाटतं की यामागे ख्मेर रूजच होते, तुओल स्लेंगचा प्रमुख दुच यानेही नंतर तसं म्हटलं, पण कोर्टात चोरीच ठरली.

त्याच्या जॅकेटच्या खिशात २,९०० डॉलर तसेच होते. गेलं काय, तर घड्याळ आणि गळ्यातलं सोन्याचं लॉकेट. त्या लॉकेटमध्ये हुओयचा फोटो होता. सरकारी वकिलांचं म्हणणं असं की घड्याळ त्याने दिलं, लॉकेट द्यायला नाही म्हणाला.

पिंपळपान

...

अण्णा_साताऱ्याचे

काय लिहावं. सकाळपासून तीन वेळा उघडून बंद केला धागा.

वाळवंट

सिनेमाबद्दलची माझी तक्रार आहे तशीच आहे, पण एक जोडतो. मिळालेल्या पैशा-प्रसिद्धीतून त्याने कंबोडियात शाळा बांधली, लाकडाची गिरणी चालवली म्हणजे गावच्या लोकांना काम मिळेल. १९८७ ला आत्मचरित्र लिहिलं. पत्रकाराच्या गोष्टीत जे मावलं नाही ते त्यात स्वतःच्या नावाने सांगितलं.

रानजाई

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला लाँगबीचकरांच्या डोनटवाल्या काकांकडून मिळालं असं वाटतं, 'हा बघा, मग बोलू'. न्गोरने नंतर एका मुलाखतीत सांगितलं होतं की मन समाधानी आहे, म्हणून. मी त्याच्यावर अन्याय होतोय असं धरून चालले होते, की बिचाऱ्याला परत तिथे नेलं. त्याला कुणी नेलं नव्हतं. तो गेला होता. येत्या जूनमध्ये नववीच्या वर्गाला हे सांगायचं ठरवलंय. सिनेमा दाखवणार नाही, त्या वयाला झेपणार नाही. ङ पासून सुरू करेन, निषाद७८ यांची परवानगी गृहीत धरून.

निषाद७८

परवानगी कसली, मला कळवा मुलं काय म्हणाली ते.

सूतिका

परत लिहितेय. काल रात्री दोन वाजता एक अडलेली आली, पाड्यावरून, आधी जीप मग रुग्णवाहिका, चार तास वाटेत. टेबलावर घेतली, भूल दिली, बाळ बाहेर यायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मुलगी, दोन किलो सातशे, पहिल्यांदा रडायला जरा वेळ घेतला मग थांबेचना. टाके घालताना हात नेहमीसारखे चालत होते पण डोक्यात हाच धागा.

बाहेर आले तर नवरा भिंतीला टेकून उभा. ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना बाईच्या अंगावरचं सगळं काढून नातेवाइकांच्या हातात देतात, तसं तिचं मंगळसूत्र आणि बांगड्या त्याच्याकडे दिलेल्या, रुमालात बांधून. तेव्हापासून त्याने ते खिशात घातलं नव्हतं, मुठीतच. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत म्हटलं. त्याने मान डोलावली आणि मूठ पुढे करून विचारलं, हे तिला परत कधी घालता येईल?